ओळखीची इंग्रजी, वेगळा अर्थ : देशागणिक बदलणारी बोली वाचण्याची पद्धत

भाषांतरं आणि परदेशी पत्रव्यवहार तपासणं हे माझं रोजचं काम आहे. अनोळखी वाक्प्रचारामुळे झालेली चूक त्यात क्वचितच सापडते. 'बॉब्ज युअर अंकल' असलं काही समोर आलं की माणूस थबकतो, शब्दकोश उघडतो, 'झालं, काम फत्ते' एवढाच त्याचा अर्थ आहे हे कळतं आणि तो पुढे जातो. चुका होतात त्या 'टेबल', 'क्वाइट', 'डाउट', 'स्कीम', 'होमली' अशा शब्दांत. शाळेपासून माहीत असलेल्या शब्दापाशी कोण थांबणार? आणि देश बदलला की नेमका त्याचाच अर्थ फिरलेला असतो.

दुसरी चूक क्रमाची. ब्रिटिश आणि अमेरिकन शब्दांची यादी मिळवायची, पाठ करायची आणि समोरच्या वाक्याला लावायची, असं बहुतेकजण करतात. त्या यादीत 'लिफ्ट' आणि 'एलिव्हेटर' असतात, आणि त्यांच्यावाचून कुणाचंच अडत नाही. शिवाय इंग्रजी काही दोनच देशांची नाही. म्हणून खालचा क्रम पाळा: आधी आपली इंग्रजी, मग समोरचा कुठला, मग अर्थ, मग शब्दाचं वजन, आणि सगळ्यात शेवटी आपलं स्वतःचं वाक्य.

## तयारी : हाताशी काय हवं

दोन शब्दकोश लागतात, आणि ते दोन देशांचे हवेत. ब्रिटिश बाजूला ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज, अमेरिकन बाजूला मेरियम-वेब्स्टर. ऑस्ट्रेलियाशी काम पडत असेल तर मॅक्वारी. तो १९८१पासून खास ऑस्ट्रेलियन इंग्रजीसाठीच निघतो. या चारही कोशांची मोफत किंवा सशुल्क आवृत्ती इंटरनेटवर आहे.

कोश उघडला की आपण थेट अर्थाकडे धावतो आणि अर्थाआधीची बारीक तिरपी अक्षरं वाचायची राहतात. 'चीफली ब्रिटिश', 'नॉर्थ अमेरिकन', 'इन्फॉर्मल', 'डेटेड', 'ऑफेन्सिव्ह' या खुणा आपल्या कामाच्या. अर्थ बरोबर उचलला आणि खूण सोडली, तर काम निम्मंच झालं.

तिसरी गोष्ट म्हणजे भाषासंग्रह, ज्याला सगळे 'कॉर्पस' म्हणतात. 'ग्लोब' (GloWbE) या नावाने ओळखला जाणारा संग्रह २०१३ साली आला. २० देशांतल्या वेबपानांवरचे सुमारे १.९ अब्ज शब्द त्यात आहेत. एखादा शब्दप्रयोग कोणत्या देशात किती चालतो हे तो शेजारी शेजारी दाखवतो. तो वापरायचा कसा ते टप्पा ७मध्ये येईल.

आणि एक वही. तिच्यात पाच रकाने आखा: वाक्य जसंच्या तसं, कोण म्हणालं, तो कुठला, त्याचा अर्थ, मला आधी वाटलेला अर्थ. शेवटचा रकाना गाळू नका. चूक कुठून आली हे फक्त तिथेच दिसतं.

## टप्पा १ : आधी आपली इंग्रजी तपासा

हा टप्पा जवळजवळ सगळेच टाळतात. आपण बोलतो ती इंग्रजी 'साधी, सगळीकडची' आणि बाकीच्यांची प्रादेशिक, असं मनात कुठेतरी बसलेलं असतं. आपलीही प्रादेशिकच आहे. तिला स्वतःचे नियम आहेत आणि ती चुकीची मुळीच नाही. मात्र तिच्यातलं काय सीमेपलीकडे पोचतं आणि काय पोचत नाही हे ठाऊक हवं.

गेल्या महिन्यात तुम्ही पाठवलेली वीस इंग्रजी पत्रं काढा आणि पुढचे शब्द शोधा.

'आय हॅव अ डाउट'. आपल्याला म्हणायचं असतं, मला एक शंका आहे, जरा विचारायचं आहे. मराठीत शंका विचारता येते. ब्रिटिश किंवा अमेरिकन कानाला मात्र 'डाउट' म्हणजे अविश्वास. तुमच्या अहवालाबद्दल 'डाउट' आहे असं लिहिलंत, तर आकड्यांवर तुमचा विश्वास नाही असं समोरचा समजतो आणि बचावाच्या पवित्र्यात उत्तर देतो. इथे 'क्वेश्चन' लिहा.

'रिव्हर्ट'. भारतात, तसंच सिंगापूर आणि मलेशियात, याचा अर्थ उत्तर देणं. इतरत्र त्याचा अर्थ आधीच्या स्थितीला परत जाणं. 'प्लीज रिव्हर्ट ऑन द ड्राफ्ट' हे वाचून एखादा माणूस मसुद्यातले बदल पुसून जुनी प्रत परत आणू शकतो.

'पास्ड आउट'. आपण २०१५ साली कॉलेजातून 'पास आउट' होतो. इतरांच्या लेखी त्या साली आपल्याला चक्कर आली. ब्रिटनमध्ये लष्करी प्रशिक्षण संपल्यावरच्या संचलनाला 'पासिंग-आउट परेड' म्हणतात, आपला वापर त्याच घरातला. पण लष्कर-पोलिसांसारख्या दलांबाहेर तो तिथे चालत नाही.

'गिव्ह अ‍ॅन एक्झाम'. हे सरळ मराठीतून आलं, कारण आपण परीक्षा देतो. ब्रिटनमध्ये विद्यार्थी परीक्षेला 'सिट' करतो, अमेरिकेत ती 'टेक' करतो, कॅनडात पुष्कळदा 'राइट' करतो. 'गिव्ह' करतो तो शिक्षक. त्यामुळे 'आय गेव्ह टू एक्झाम्स लास्ट इयर' म्हणणारा परीक्षक ठरतो.

'मगिंग' म्हणजे आपल्याकडे घोकंपट्टी, बाहेर वाटमारी. 'आउट ऑफ स्टेशन' म्हणजे गावाबाहेर, हे आपल्या आसपासच्या देशांपलीकडे सहसा कळत नाही. 'डू द नीडफुल' जुन्या ब्रिटिश पत्रव्यवहारातून आलं आणि आपल्याकडे टिकलं. आता ते वाचणाऱ्या ब्रिटिश माणसाला आजोबांची फाइल उघडल्यासारखं वाटतं. 'प्रीपोन' ऑक्सफर्डच्या कोशात आहे, पण भारतीय इंग्रजी अशी खूण लावून. कोशात आला म्हणून तो शब्द सगळीकडे कळतो असं नाही.

'लाख' आणि 'क्रोर' दक्षिण आशियाबाहेर लिहू नका. आकड्यांमधले स्वल्पविरामही बदला: १,००,००० ऐवजी १००,०००. हिशेबाच्या कागदावर ही गोष्ट कोणत्याही वाक्प्रचारापेक्षा महाग पडते.

तपासा: वीस पत्रांत असे किमान पाच प्रयोग सापडले का? एकही सापडला नसेल तर पत्रं दुसऱ्याला वाचायला द्या. आपल्याला आपले दिसत नाहीत.

## टप्पा २ : समोरचा कुठला, हे ठरवा

अर्थ शोधण्याआधी बोलणारा शोधा. एकच वाक्य दोन देशांत दोन गोष्टी सांगत असेल, तर नुसत्या वाक्याकडे कितीही टक लावून पाहिलं तरी अर्थ हाती लागणार नाही.

सुरुवात स्पेलिंगवरून करायला हरकत नाही, पण तिथे थांबू नका. संगणक आपोआप स्पेलिंग बदलतो. कॅनडाचा माणूस 'कलर' ब्रिटिश पद्धतीने 'यू' घालून लिहितो आणि गाडीचं 'टायर' अमेरिकन पद्धतीने. जास्त भरवशाच्या खुणा छोट्या आणि सवयीच्या असतात. 'फोर्टनाइट' म्हणजे पंधरवडा, तो लिहिणारा अमेरिकन असण्याची शक्यता कमी. 'आफ्टरनून'चं 'आर्व्हो' झालं तर ऑस्ट्रेलिया. 'आउटविथ ऑफिस अवर्स', म्हणजे कार्यालयीन वेळेबाहेर, असं औपचारिक पत्रात आलं तर स्कॉटलंड. वाहतुकीच्या दिव्याला 'रोबॉट' म्हटलं तर दक्षिण आफ्रिका.

देश कळला म्हणजेही काम संपत नाही. ब्रिटनच्या उत्तरेला 'डिनर' म्हणजे पुष्कळांसाठी दुपारचं जेवण आणि 'टी' म्हणजे रात्रीचं. 'कम फॉर युअर टी' या आमंत्रणाला नुसता चहा समजून जेवून जाऊ नका. यॉर्कशरमध्ये 'नाइन व्हाइल फाइव्ह' म्हणजे नऊ ते पाच, तिथे 'व्हाइल'चा अर्थ 'पर्यंत' होतो. स्कॉटलंडमध्ये 'व्हेअर डू यू स्टे?' म्हणजे राहायला कुठे असता. आपणही तसंच म्हणतो, म्हणून आपल्याला ते खटकत नाही, लंडनच्या माणसाला मात्र हॉटेलचं नाव विचारल्यासारखं वाटतं. अमेरिकेत थंड पेयाला ईशान्येकडे 'सोडा', मध्य-पश्चिमेला 'पॉप' आणि दक्षिणेत पुष्कळ ठिकाणी, पेय कोणतंही असो, 'कोक' म्हणतात. अमेरिकेच्या अशा अंतर्गत फरकांसाठी 'डिक्शनरी ऑफ अमेरिकन रीजनल इंग्लिश' हा कोश आहे. त्याचे खंड १९८५ ते २०१३ या काळात निघाले.

सावधान: एका खुणेवरून माणसाचा देश ठरवू नका, किमान तीन जुळू द्या. माणसं देश बदलतात आणि त्यांची भाषा दोन्हीकडची होते.

## टप्पा ३ : तारीख, वेळ, मजला

अर्थाचे बाकीचे घोळ निस्तरता येतात. चुकलेली वेळ निस्तरता येत नाही, म्हणून हा टप्पा आधी.

०४/०५ ही अमेरिकेत ५ एप्रिल, ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे ४ मे. महिना अक्षरात लिहिणं हा एकच उपाय आहे, आणि तो प्रत्येक वेळी करायचा.

'हाफ सेव्हन' म्हणजे ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये साडेसात. जर्मन किंवा डच मातृभाषेचा माणूस तेच शब्द साडेसहा म्हणून ऐकतो, कारण त्याच्या भाषेत 'अर्धा सात' म्हणजे सातला अर्धा तास कमी. 'क्वॉर्टर ऑफ सेव्हन' हे अमेरिकन, अर्थ पावणेसात. स्कॉटलंडमधला 'द बॅक ऑफ फाइव्ह' म्हणजे पाच वाजून गेल्यावर थोड्या वेळाने. पाचच्या आधी तर नक्कीच नाही.

'फ्रायडे वीक' हा शब्द मी एकदा 'शुक्रवार येतो तो आठवडा' असा वाचला आणि कागद पाठवायची घाई केली. लिहिणारी बाई आयर्लंडची होती, तिला म्हणायचं होतं येत्या शुक्रवारनंतरचा शुक्रवार. आठवडाभर आधी गेलेला तो मसुदा अर्धवट होता, आणि तोच अंतिम समजून पुढे गेला. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया इथे हा प्रयोग सर्रास चालतो. 'नेक्स्ट फ्रायडे' आणि 'बायवीकली' तर एकाच देशातल्या दोन माणसांनाही वेगळे कळतात. 'बायवीकली' आठवड्यातून दोनदाही असतं आणि दोन आठवड्यांतून एकदाही. ते लिहूच नका.

दक्षिण आफ्रिकेत 'जस्ट नाऊ' म्हणजे नंतर कधीतरी. लवकर हवं असेल तर 'नाऊ नाऊ' म्हणतात, म्हणजे थोड्याच वेळात. आपण 'जस्ट नाऊ' आत्ताच्या अर्थाने वापरतो, त्यामुळे 'आय विल डू इट जस्ट नाऊ' ऐकून फोनपाशी बसून राहिलेला माणूस आपलाच असतो.

नायजेरिया आणि घानामध्ये कुणी 'आय अ‍ॅम कमिंग' म्हणत खोलीतून बाहेर पडलं तर गोंधळू नका. तो जाऊन लगेच परत येणार आहे. निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे इंग्रजी कोणत्याही इंग्रजापेक्षा लवकर कळतं.

मजला: ब्रिटनमधला 'फर्स्ट फ्लोअर' आपल्यासारखाच तळमजल्याच्या वरचा, अमेरिकेत तो बहुधा तळमजलाच. वजन: ब्रिटिश माणूस स्वतःचं वजन 'स्टोन'मध्ये सांगतो, एक स्टोन म्हणजे १४ पौंड, साधारण ६.३५ किलो.

तपासा: पत्र पाठवण्याआधी त्यातली प्रत्येक तारीख महिन्याच्या नावासह आणि प्रत्येक वेळ आकड्यांत आहे का, ते पाहा. ७.३० हे सगळ्यांना ७.३०च दिसतं.

## टप्पा ४ : उलट अर्थाचे शब्द वेगळे काढा

आता मूळ धोका. हे शब्द दोन्हीकडे आहेत, रोजचे आहेत आणि अर्थ वेगळा, काहींचा तर थेट उलटा.

'टेबल' घ्या. ब्रिटनमध्ये प्रस्ताव 'टेबल' करणं म्हणजे चर्चेला घेणं. अमेरिकेत तेच म्हणजे चर्चा पुढे ढकलून बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन लष्करी अधिकाऱ्यांच्या संयुक्त बैठकीत याच शब्दावरून मोठा वाद झाला. विषय तातडीचा म्हणून ब्रिटिशांना तो 'टेबल' करायचा होता, आणि विषय महत्त्वाचा म्हणून तो 'टेबल' होऊ नये असं अमेरिकनांचं म्हणणं होतं. दोघांना हवं होतं तेच, हे बऱ्याच वेळाने लक्षात आलं. चर्चिल यांनी आपल्या युद्ध-आठवणींत हे नोंदवून ठेवलं आहे.

'मूट पॉइंट' ब्रिटनमध्ये वादाचा मुद्दा, ज्यावर अजून बोलायला जागा आहे. अमेरिकेत सहसा असा मुद्दा ज्याला आता काही अर्थ उरलेला नाही. तुम्ही चर्चा उघडत असता आणि समोरच्याला ती बंद झाल्याचं ऐकू येतं.

'स्कीम' आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये योजना, सरकारीसुद्धा. अमेरिकेत या शब्दाला कटाचा, फसवणुकीचा वास येतो. अमेरिकन वाचकासाठी 'प्रोग्रॅम' किंवा 'प्लॅन' लिहा.

'होमली' तर तीन ठिकाणी तीन रूपं घेतो. ब्रिटनमध्ये घरगुती, उबदार. आपल्या विवाहविषयक जाहिरातींत घर सांभाळणारी. अमेरिकेत माणसाबद्दल म्हटलं तर दिसायला सामान्य, किंबहुना कुरूप. कुणाच्या तरी बहिणीची ओळख करून देताना हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका.

'बॅरॅक' हा क्रियापद म्हणून ब्रिटनमध्ये खेळाडूची हुर्यो उडवणं. ऑस्ट्रेलियात 'बॅरॅक फॉर' म्हणजे आपल्या संघाला पाठिंबा देणं. 'मोमेंटरिली' अमेरिकेत 'क्षणात', ब्रिटनमध्ये 'क्षणभरासाठी'. विमान 'मोमेंटरिली' उतरणार असेल तर दोन्ही अर्थ करून बघा. 'बॉम्ब'ही असाच: नाटक 'बॉम्ब्ड' म्हणजे अमेरिकेत आपटलं, आणि 'वेंट डाउन अ बॉम्ब' म्हणजे ब्रिटनमध्ये लोकांनी डोक्यावर घेतलं.

काही शब्दांचे अर्थ उलटे नसतात, नुसते अनपेक्षित असतात. आयर्लंडमध्ये 'ही वॉज गिव्हिंग आउट टू मी' म्हणजे तो मला रागावत होता. काही वाटत नव्हता. तिथे 'आय अ‍ॅम आफ्टर लूझिंग द की' म्हणजे माझी किल्ली नुकतीच हरवली, हरवायची इच्छा नव्हे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये आमंत्रणात 'ब्रिंग अ प्लेट' असेल तर एक पदार्थ करून न्यायचा असतो. रिकामी ताटली घेऊन पोचलेले पाहुणे तिथल्या लोकांना चांगलेच परिचित आहेत.

सावधान: वाक्य सहज समजलं आणि तरी आजूबाजूच्या मजकुराशी जुळत नाही, असं वाटलं की थांबा. ही एकच खूण मला सर्वाधिक वेळा उपयोगी पडली आहे. अर्थ ओढून-ताणून जुळवायला लागणं म्हणजे तो शब्द दुसऱ्या देशाचा असणं.

## टप्पा ५ : अर्थ कळला, आता वजन मोजा

शब्द बरोबर कळूनही निरोप चुकतो, कारण किती जोर द्यायचा याचं माप प्रत्येक देशाचं वेगळं.

'क्वाइट गुड' हे ब्रिटिश तोंडून आलं तर बहुतेक वेळा 'बरं आहे', पुढे एखादं 'पण' दडलेलं. अमेरिकन तोंडून आलं तर 'चांगलंच आहे'. तुमच्या कामावर हा शेरा आला असेल तर कुणी लिहिलं ते बघून मगच समाधान माना. 'नॉट बॅड' मात्र ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात सहसा खरी दाद असते. 'विथ रिस्पेक्ट' ही ब्रिटिश वाक्याची सुरुवात आदराने होते आणि शेवट तुमचं म्हणणं खोडून काढण्यात. आयर्लंडमधलं 'ग्रँड' म्हणजे भव्य नव्हे, 'ठीक, चालेल'. अमेरिकेच्या दक्षिणेत 'ब्लेस युअर हार्ट' कधी खरी सहानुभूती असते, कधी गोड शब्दांतला टोमणा. ते सुरावरून कळतं, कागदावरून कळत नाही.

नुकसान किती होऊ शकतं यासाठी एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. एप्रिल १९५१, कोरियातली इमजिन नदी. ग्लॉस्टरशर रेजिमेंटची पहिली बटालियन शत्रूच्या वेढ्यात सापडली होती. ब्रिटिश ब्रिगेडियरने आपल्या अमेरिकन वरिष्ठाला परिस्थिती 'अ बिट स्टिकी' असल्याचं कळवलं. ब्रिटिश मापात याचा अर्थ, सगळं हाताबाहेर चाललं आहे. अमेरिकन कानाने 'थोडं अवघड आहे, पण निभावतंय' असं ऐकलं. माघारीची परवानगी वेळेवर मिळाली नाही आणि बटालियनचे बहुतेक सैनिक मारले गेले किंवा पकडले गेले.

अभिवादनांचंही वजन असतं. ब्रिटनमध्ये 'यू ऑल राइट?' म्हणजे नुसतं 'काय, कसं काय'. 'यस, यू?' एवढं उत्तर पुरतं. अमेरिकन माणसाला मात्र तो प्रश्न ऐकून आपला चेहरा उतरलाय की काय असं वाटतं. नायजेरियात काम करणाऱ्याला जाता जाता 'वेल डन' म्हणतात, ते काम संपल्याचं प्रमाणपत्र नव्हे. तिथे तुम्हाला ठेच लागली तर बघणारा 'सॉरी' म्हणेल. त्याने काही केलेलं नसतं, त्याला वाईट वाटलेलं असतं.

तपासा: वहीत त्या माणसाची तीन वाक्यं मिळवा, एक तो खूश असतानाचं, एक नाराज असतानाचं, एक साधं. ही त्याची पट्टी. नवं वाक्य तिच्यावर ठेवून बघा.

## टप्पा ६ : जुळ्या म्हणी आणि खेळाचे शब्द

इथे फार वेळ घालवू नका. यातल्या बऱ्याच जोड्यांत एकच शब्द बदलतो आणि अर्थ तोच राहतो. ब्रिटिश 'टच वुड' म्हणतो, अमेरिकन 'नॉक ऑन वुड'. ब्रिटिशांचं वादळ चहाच्या कपात, अमेरिकनांचं किटलीत. ऐकलेलं सगळं खरं मानू नका, हे सांगायला घेतात ते मीठ ब्रिटनमध्ये 'पिंच', अमेरिकेत 'ग्रेन'. 'पुट अ स्पॅनर इन द वर्क्स', म्हणजे चालत्या कामाला खीळ घालणं, अमेरिकेत गेलं की स्पॅनरऐवजी 'मंकी रेंच' येतो. 'कुडंट केअर लेस' आणि अमेरिकन 'कुड केअर लेस' दिसायला उलटे असले तरी दोन्हींचा अर्थ 'मला काडीचंही पडलेलं नाही'. एकाच मजकुरात दोन्हीकडची सरमिसळ मात्र करू नका.

खेळातून आलेले शब्द थोडे वेगळे. 'बॉलपार्क फिगर' म्हणजे ढोबळ आकडा, 'रेन चेक' म्हणजे आत्ता नको, पुन्हा कधीतरी. दोन्ही बेसबॉलमधून आले आणि जगभर पसरले. क्रिकेटचे शब्द तसे अमेरिकेत पोचले नाहीत. 'ऑन अ स्टिकी विकेट' (अडचणीत), 'ऑफ हिज ओन बॅट' (स्वतःहून), 'हिट फॉर सिक्स' (पार हादरवून टाकणं) हे आपल्याला घरचे वाटतात, आणि म्हणूनच अमेरिकन पत्रात नकळत जातात. 'ऑफ हिज ओन बॅट'ऐवजी सरळ 'ऑन हिज ओन' लिहा. 'गूगली'ऐवजी तिकडे 'कर्व्हबॉल'.

सावधान: संकोच वाटला तरी ही यादी एकदा वाचून ठेवा. 'रबर' आपल्याकडे खोडरबर, अमेरिकेत निरोध. 'पँट्स' अमेरिकेत विजार, ब्रिटनमध्ये अंतर्वस्त्र. 'थाँग्ज' ऑस्ट्रेलियात साध्या चपला, इतरत्र तोकडं अंतर्वस्त्र. अमेरिकेत संघासाठी 'रूट' करतात, ऑस्ट्रेलियात तो शब्द अश्लील. 'पिस्ड' ब्रिटनमध्ये दारू चढलेला, अमेरिकेत संतापलेला. आणि 'एंट्रन्स फ्रॉम द बॅकसाइड' हे आपल्या पाट्यांवरचं वाक्य बाहेर कुठेही लिहू नका; 'बॅकसाइड' म्हणजे तिकडे नितंब.

## टप्पा ७ : संशय पडला की असं तपासा

समजा पत्रात हे वाक्य आलं: 'आय अ‍ॅम क्वाइट हॅपी विथ द ड्राफ्ट, बट लेट्स टेबल पार्ट टू अंटिल यू रिव्हर्ट.' एका ओळीत तीन अवघड शब्द. त्यांना एकदम भिडू नका, भक्कम धागा आधी ओढा.

'टेबल'नंतर पुढे 'अंटिल' आहे. 'अमुक होईपर्यंत चर्चेला घेऊ' असं कुणी म्हणत नाही, 'होईपर्यंत बाजूला ठेवू' असं म्हणतात. म्हणजे हा अमेरिकन अर्थ. 'रिव्हर्ट'चा इथे 'उत्तर देणं' हाच अर्थ बसतो, आणि तो अमेरिकन नाही. भारत, सिंगापूर, मलेशियाकडचा आहे. म्हणजे लिहिणारा बहुधा आपल्या भागातला आणि अमेरिकन पद्धतीच्या कचेरीत काम करणारा. मग 'क्वाइट' कोणत्या मापाचा? हे वाक्यावरून ठरत नाही. इथे अंदाज बांधायचा नाही, विचारायचं. तीनपैकी दोन शब्द सुटले आणि तिसरा सुटत नाही हे कळलं, यालाच तपासणी म्हणतात.

भाषासंग्रहात शोधताना अख्खा शब्दगट टाका, सुटा शब्द नको. 'टेबल' शोधलंत तर लाकडी टेबलं मिळतील. निकालात एकूण संख्येकडे बघू नका, दर दहा लाख शब्दांमागचं प्रमाण बघा. 'ग्लोब'मध्ये अमेरिका आणि ब्रिटन या दोन्हींचा मजकूर भारताच्या सुमारे चौपट आहे, त्यामुळे नुसती संख्या त्यांच्या बाजूने झुकते. मग किमान दहा वाक्यं उघडून वाचा. एखाद्या देशाच्या रकान्यात आकडा दिसतो, आणि वाक्यं वाचल्यावर कळतं की तिथले लोक त्या प्रयोगाची चर्चा करताहेत, वापर करत नाहीत.

## टप्पा ८ : आता स्वतःचं वाक्य लिहा

समोरच्याच्या बोलीची नक्कल करायची नाही. ऑस्ट्रेलियन माणसाला 'आर्व्हो' आणि आयरिश माणसाला 'ग्रँड' पाठवणं हे उसनं वाटतं, आणि वजन चुकलं तर बोचतं. समजून घेताना त्याची बोली, लिहिताना सगळ्यांना कळेल अशी साधी इंग्रजी.

म्हणजे 'टेबल'ऐवजी 'डिस्कस टुडे' किंवा 'पोस्टपोन'. 'क्वाइट'ऐवजी 'व्हेरी' किंवा 'फेअरली', जे म्हणायचं असेल ते. 'रिव्हर्ट'ऐवजी 'रिप्लाय'. 'फ्रायडे वीक'ऐवजी तारीख.

आणि कळलं नसेल तर विचारताना 'व्हॉट डू यू मीन?' असं लिहू नका, ते अंगावर आल्यासारखं वाटतं. आपल्याला कळलेला अर्थ मांडा आणि दुरुस्ती मागा. वरच्या पत्राला मी असं उत्तर देईन: 'टू चेक आय हॅव अंडरस्टूड: पार्ट वन इज अप्रूव्ह्ड विथ नो चेंजेस, अँड पार्ट टू वेट्स फॉर माय रिप्लाय. इज दॅट राइट?' यात 'नो चेंजेस' हे दोन शब्द मुद्दाम आहेत. त्याच्या 'क्वाइट हॅपी'त काही 'पण' दडलेलं असेल, तर ते इथे बाहेर येईल.

उत्तर आलं की ते त्याच दिवशी वहीत उतरवा, शेवटच्या रकान्यासकट.